हेलिकॉप्टर दिसतं, हिशेब दिसत नाही

सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत आकाशातून येणाऱ्या बातम्या ठरलेल्याच असतात. कुणा बागायतदाराने लेकीची पाठवणी हेलिकॉप्टरने केली, नेत्याचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं आणि धुरळ्याने सगळा मांडव भरला, नाही तर कुठेतरी काहीतरी पडलं. एरवी कराडच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिक तेच तेच फेरे मारतात आणि वारुंजीच्या शिवारातला माणूस मान वर करूनही बघत नाही. रोज घडतं ती बातमी नसते, हे मान्य. पण त्यामुळे वाचकाच्या डोक्यात जे चित्र तयार होतं ते विचित्रच असतं. खासगी विमान म्हणजे एक तर पैशाचा माज, नाही तर मरणाचा सापळा.

विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचं म्हणणं असं, की माध्यमं आम्हाला कायम खलनायक करतात. पर्यावरणवाल्यांचं म्हणणं बरोबर उलटं: माध्यमं या लोकांना फार सांभाळून घेतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. अन्याय होतो, पण तक्रार करणाऱ्यांवर होत नाही. तो होतो शिकाऊ पोरांवर, अपघातात गेलेल्या वैमानिकांवर आणि पैसे देऊन पेपर घेणाऱ्या वाचकावर. ज्यांना चार प्रश्न विचारायला हवेत ते फोटोत हात हलवून निघून जातात. हे कसं घडतं ते कळायला थोडं तांत्रिक बोलावं लागेल, पण फार नाही.

पाटी पांढरी की पिवळी?

तिकीट काढून, वेळापत्रक बघून आपण ज्या विमानात बसतो ती नियमित विमानसेवा. लष्कराची विमानं वेगळी. या दोन्हींत न बसणारं जे काही आकाशात उडतं त्याला ढोबळमानाने ‘जनरल एव्हिएशन’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या बातम्यांत त्या सगळ्याचं नाव ‘खासगी विमान’ असं होऊन जातं. त्यात दोन आसनांचं शिकाऊ विमान येतं, उद्योगपतीचं जेट येतं, केदारनाथला भाविक नेणारं हेलिकॉप्टर येतं, रुग्णाला मुंबईला हलवणारी एअर अॅम्ब्युलन्स येते. २०१५ आणि २०१९ मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी ढगांत फवारणी करणारी विमानंही याच कुटुंबातली.

या गर्दीत सगळ्यात महत्त्वाचा फरक आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांसारखा आहे: स्वतःच्या गाडीला पांढरी पाटी, भाड्याच्या गाडीला पिवळी. विमान फक्त मालकाच्या वापरासाठी असेल तर ते ‘प्रायव्हेट’ वर्गात नोंदलं जातं, त्यातून भाडं घेता येत नाही. भाड्याने द्यायचं असेल तर डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून ‘नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर’चा परवाना लागतो. मग वैमानिकांच्या ड्युटीचे तास, देखभाल, सुरक्षेची व्यवस्था या सगळ्याचे नियम जास्त कडक होतात.

आता पैशाकडे बघा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे. तेच विमान वैयक्तिक वापराचं नसेल तर ५ टक्के. पन्नास कोटींच्या विमानात हा फरक साडेसतरा कोटींचा होतो. विमान ‘पिवळ्या पाटी’खाली आणण्याचा मोह कुणाला होणार नाही? त्यात बेकायदा काही आहे असं नाही. पण कागदावर भाड्याचं असलेलं विमान खरोखर चार लोकांना भाड्याने मिळतं, की एकाच घरातली माणसं त्यातून फिरतात, हा प्रश्न बातमीदाराने विचारायला हवा. बातमीत विमानाच्या आतल्या चामड्याच्या खुर्च्यांचं वर्णन येतं, पाटीचा रंग येत नाही.

हा फरक न केल्याने काय होतं ते आपल्याच राज्यातल्या घटनांत दिसतं. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि सगळे बचावले. ते हेलिकॉप्टर राज्य सरकारचं होतं, म्हणजे देखभालीचा जाब सरकारला. २८ जून २०१८ ला मुंबईत घाटकोपरला पडलेलं विमान आधी उत्तर प्रदेश सरकारचं होतं, नंतर खासगी कंपनीने घेतलेलं, आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणावर निघालेलं. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबई विमानतळावर मुसळधार पावसात धावपट्टीवरून घसरलेलं लिअरजेट भाड्याने विमानं देणाऱ्या कंपनीचं होतं. तीन घटना, तीन वेगळे मालक, जबाबदारीच्या तीन वेगळ्या साखळ्या. गप्पांत आणि टीव्हीवरच्या चर्चेत मात्र तिन्हींची एकच भाजी होते.

शेतात उतरलेलं विमान

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. ही मुलं अब्जाधीशांची नसतात. बरीचशी बँकेचं कर्ज काढून, कधी जमिनीचा तुकडा विकून आलेली असतात. माध्यमांत ‘खासगी विमान’ म्हटल्यावर जो श्रीमंती थाट डोळ्यापुढे येतो त्याच्याशी यांचा काही संबंध नाही. त्यांचं शिकण्याचं लहानसं सेसना विमान बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या वयापेक्षा जुनं असतं.

या मुलांना पहिल्या काही तासांतच एक गोष्ट शिकवतात: इंजिन बंद पडलं तर काय करायचं. इंजिन बंद पडलं म्हणून विमान लगेच कोसळत नाही. सेसना १७२ एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. तेवढ्या वेळात सपाट, मोकळं, विजेच्या तारा नसलेलं रान हेरायचं, वाऱ्याची दिशा बघायची आणि उतरायचं. याला ‘फोर्स्ड लँडिंग’ म्हणतात. ढेकळांत चाक अडकून विमान उलटलं तरी माणूस चालत बाहेर आला, तर शिक्षकाच्या लेखी तो उत्तीर्ण.

वाचकापर्यंत हे पोचतं ते ‘विमान कोसळलं, परिसरात खळबळ’ या शीर्षकाने. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत असंच एक शिकाऊ विमान शेतात आलं. एकटीने उडणारी शिकाऊ वैमानिक जखमी झाली, पण वाचली. तिचं नाव, वय, फोटो, गावकऱ्यांनी तिला कसं बाहेर काढलं, सगळं काही तासांत महाराष्ट्रभर झालं. उलटलेल्या विमानाच्या फोटोखाली जो मजकूर येतो तो वाचून कुणालाही वाटावं की पोरीनेच काहीतरी केलं. यंत्राने साथ का सोडली, देखभाल कोण बघत होतं, चौकशीत पुढे काय निघालं, हे त्या वेळी बातमी वाचलेल्या शंभर जणांना विचारून बघा. नाव लक्षात असलेले भेटतील, कारण सांगणारा भेटला तर नशीब.

अपघातांच्या बातमीत आणखी एक गोष्ट गायब असते, ती म्हणजे भाजक. किती अपघात झाले हे सांगितलं जातं, किती उड्डाणांमागे झाले हे सांगितलं जात नाही. अमेरिकेत जनरल एव्हिएशनमध्ये दर एक लाख उड्डाणतासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. नियमित विमान कंपन्यांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे, म्हणजे लहान विमानं जास्त धोक्याची ही बातमीतली भावना खोटी नाही. पण त्याच आकड्याच्या पोटात शिरलं तर दिसतं, की हौसेने स्वतःचं विमान उडवणाऱ्यांचं प्रमाण एक आणि दोन अनुभवी वैमानिक असलेल्या कंपनीच्या जेटचं अगदी दुसरं. सरासरी काढली की हौशी माणसाचा धोका व्यावसायिकाच्या माथी येतो, आणि व्यावसायिकाची सुरक्षितता फुकटात हौशाला मिळते.

मग येतो पहिल्या दिवसाचा निकाल. घाटकोपरच्या अपघातात विमानातले चार आणि रस्त्यावरचा एक असे पाच जण गेले. त्याच संध्याकाळी ‘पायलटने प्राण देऊन वस्ती वाचवली’ असं सगळीकडे फिरलं. वाचायला बरं वाटतं, पण हे कळलं कुणाला? चौकशी सुरूसुद्धा झाली नव्हती. याची दुसरी बाजू १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर दिसली. ते खासगी विमान नव्हतं, एअर इंडियाचं बोइंग होतं, पण सवय तीच. महिन्याने प्राथमिक अहवाल आला, त्यात उड्डाणानंतर इंधनाचे दोन्ही स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. ते का गेले हे अहवालाने सांगितलं नव्हतं. तरी देशी-परदेशी माध्यमांत वैमानिकाच्या स्वभावावर आणि घरच्या परिस्थितीवर चर्चा रंगली. मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही, वकिलाची नोटीस तर मुळीच नाही.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अपघाताच्या तांत्रिक चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच असतो, दोष ठरवणं नव्हे. आपल्याकडे हे काम विमान अपघात तपास विभाग करतो, ज्याला सगळे एएआयबी म्हणतात. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत अपेक्षित असतो. अंतिम अहवाल शक्य तर वर्षभरात यावा असं ठरलेलं असलं, तरी तो बऱ्याचदा त्याहून उशिरा येतो. तो संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला मिळतो. इंग्रजीत, पन्नास-शंभर पानांचा, कुणाचा चेहरा नसलेला. तोवर बातमीवर चार नव्या बातम्यांचे थर बसलेले असतात.

तालुक्याच्या बातमीदाराला यात फार दोष देता येत नाही. त्याला बातमीमागे तुटपुंजे पैसे मिळतात. अपघाताच्या जागी त्याला भेटतात पोलीस पाटील, तलाठी आणि मोबाईलवर चित्रण केलेली पोरं. डीजीसीए दिल्लीत, कंपनीचं कार्यालय मुंबईत, फोन कुणी उचलत नाही. तो हाताशी आहे ते लिहितो. खरा प्रश्न वरच्या डेस्कला विचारायचा: अंतिम अहवाल आल्यावर तो मराठीत दोन कॉलम करून द्यायला कुणाला सांगितलंत का?

बसलेच नव्हते, तरी ‘त्यांचं’ हेलिकॉप्टर

३ मे २०२४ ला महाडमध्ये एक हेलिकॉप्टर उतरताना कोसळलं. ते सुषमा अंधारे यांना न्यायला आलं होतं, त्या आत नव्हत्या. वैमानिक बचावले. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्याजवळ बावधनला सकाळच्या धुक्यात दुसरं एक हेलिकॉप्टर पडलं. ते जुहूला चाललं होतं, तिथून सुनील तटकरे यांना नेणार होतं. त्यात दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे गेले. दोन्ही वेळी बातमीने पुढाऱ्याचं नाव घट्ट धरलं. जो नेता विमानात नव्हता तो ‘थोडक्यात बचावला’, आणि जे होते ते ‘अन्य’ झाले. बावधनच्या धुक्यात उड्डाणाचा निर्णय कसा झाला, पुढाऱ्याच्या वेळापत्रकाचं ओझं वैमानिकावर किती असतं, हा विषय एका अपघातापुरता नाही. मुंबईत सभा, दुपारी कोकणात, संध्याकाळी देशावर, असा दौरा ठरतो तेव्हा सह्याद्रीतलं हवामान कुणी विचारलेलं नसतं.

यातली सगळ्यात बोचरी घटना जुनी आहे. ३० सप्टेंबर २००१ ला उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ माधवराव शिंदे यांचं विमान पडलं. शिंदे घराणं मूळचं आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचं, त्यामुळे सातारा जिल्ह्यात ती घरातली बातमी होती. विमानात आठ जण होते, आणि त्यांतले चार पत्रकार व कॅमेरामन होते, सभेच्या वार्तांकनाला निघालेले. किती जणांना हे आठवतं? ते बीचक्राफ्ट कंपनीचं किंग एअर सी-९० होतं, पण कित्येक बातम्यांत त्याचं ‘सेसना’ झालं, कारण आपल्याकडे प्रत्येक लहान विमान सेसनाच असतं. माध्यमांची माणसं त्याच विमानात बसून प्रवास करत होती आणि आजही निवडणुकीत ‘हेलिकॉप्टरमधली मुलाखत’ जोरात चालते. ज्याच्या विमानात बसलो त्याला विमानाचं भाडं कोण भरतंय हे विचारणं अवघडच जाणार.

विधानसभेच्या निवडणुकीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला उद्धव ठाकरे यांच्या हेलिकॉप्टरजवळ त्यांच्या बॅगा तपासल्या गेल्या. चित्रफीत फिरली. मग शिंदे, फडणवीस, अजित पवार, गडकरी, सगळ्यांच्याच बॅगा उघडल्याच्या चित्रफिती आल्या. आठवडाभर महाराष्ट्राला कुणाच्या बॅगेत काय होतं हे समजलं. हेलिकॉप्टरकडे बघायला कुणी तयार नव्हतं, जे तासाला लाखांत भाडं खातं.

नियम तसा सोपा आहे. मान्यताप्राप्त पक्ष चाळीस स्टार प्रचारकांची यादी देतो. त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही, पक्षाच्या खात्यात जातो. त्या निवडणुकीत उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची होती, पक्षाला मर्यादाच नसते. पण उमेदवार स्टार प्रचारकाबरोबर त्याच हेलिकॉप्टरमधून आला, तर प्रवासाचा निम्मा खर्च उमेदवाराच्या नावावर पडतो. म्हणजे पहिल्या पानावरचा तो फोटो, नेता आणि उमेदवार पंख्याच्या वाऱ्यात टोपी सावरत उतरताहेत, हा स्वतःच एक पुरावा आहे. आणि विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत पक्षाला आपला खर्च आयोगाला द्यावा लागतो. कागद सार्वजनिक असतो. फोटो आणि कागद शेजारी ठेवायला वैमानिकी शास्त्र लागत नाही.

एकनाथ शिंदे यांच्या दरे गावाचं मात्र वेगळं सांगायला हवं. महाबळेश्वर तालुक्यातल्या या गावी ते हेलिकॉप्टरने येतात, त्यावर विरोधक टोमणे मारतात, ते वेळ वाचतो असं उत्तर देतात. त्याच कोयनेच्या जलाशयाकाठच्या खिरखंडीतल्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत जातात, याची दखल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती. हेलिपॅड आणि होडी एका बातमीत शेजारी आले की वाचकाचं डोकं फिरतं, आणि फिरायलाच हवं. तरी हेलिकॉप्टर येतं म्हणून त्या मुलींसाठी पूल झाला नाही, असं नाही. हेलिकॉप्टर बंद केल्याने पूल होणार नाही. इथे हेलिकॉप्टर हे दुखण्याचं चित्र म्हणून योग्य आहे, दुखण्याचं कारण म्हणून नाही, आणि बऱ्याच बातम्या ही सीमा न बघता ओलांडतात.

धुराचा हिशेब

प्रदूषणाचं थोडक्यात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०२३ या वर्षात जगभरातल्या खासगी विमानांनी साधारण १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडला. २०१९ च्या तुलनेत ही ४६ टक्के वाढ. जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली होती, आणि यातली दोनतृतीयांशांहून जास्त विमानं एकट्या अमेरिकेत नोंदलेली. कंपन्या सांगतात, आमचा वाटा व्यावसायिक विमानवाहतुकीच्या १.८ टक्के. ते खरं आहे. टीकाकार सांगतात, माणशी हिशेब केला तर खासगी जेट नियमित विमानाच्या ५ ते १४ पट प्रदूषण करतं. तेही खरं आहे. बातमी देणारा यांतला एकच आकडा घेतो तेव्हा त्याने बाजू घेतलेली असते, मग शब्द कितीही सौम्य असोत.

सगळ्यात जास्त धूर सोडणाऱ्या तारे-तारकांच्या विमानांच्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. विमान स्वतःचा ठावठिकाणा रेडिओ संदेशाने सतत सांगत असतं, आणि तो पकडून कुणीही मोबाईलवर दाखवू शकतं. २०२२ मध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचं नाव अशाच यादीत पहिलं आलं, तेव्हा तिच्या बाजूने उत्तर आलं की विमान इतरांनाही वापरायला दिलं जातं. त्यात तथ्य किती हा भाग वेगळा. पण विमान कुठे गेलं हे कळलं म्हणजे आत कोण होतं हे कळत नाही, हे खरंच. शिवाय आपल्या भागात सह्याद्रीच्या आडून खालून उडणारं हेलिकॉप्टर त्या नकाशावर बऱ्याचदा दिसतच नाही.

धावपट्टी कुणासाठी?

एका बाबतीत आपल्या स्थानिक पत्रकारितेला मी चांगले गुण देईन: जमीन. कराडच्या विमानतळाचं विस्तारीकरण म्हटल्यावर वारुंजी, केसे, मुंढे, विजयनगरच्या शेतकऱ्यांचा विरोध जिल्ह्याच्या पानांवर वर्षानुवर्षं येत राहिला. कोयना प्रकल्पाच्या काळातली ही धावपट्टी वाढवायची तर बागायती जमीन जाते, हे मुंबईतल्या कुठल्या वाहिनीने नाही, इथल्याच बातमीदारांनी सांगितलं. सांगलीत उलट चित्र. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीची दीडशेहून जास्त एकर जागा दुसऱ्या कामाला द्यायचा विषय निघाला तेव्हा विमानतळच हवा म्हणून लोक एकत्र आले, आणि तेही नीट छापून आलं.

फक्त दोन्हीकडच्या बातम्यांत ‘विमानसेवा’ म्हणजे मुंबई-दिल्लीचं तिकीट असं गृहीत धरलेलं असतं. द्राक्षं, हळद, उद्योजक, पर्यटन, सगळं त्या तिकिटावर लटकवलेलं. कराडच्या धावपट्टीवर आजवर जे उतरलं ते बघितलं तर शिकाऊ विमानं आहेत, प्रीतिसंगमावरच्या समाधीपाशी यशवंतराव चव्हाणांना अभिवादन करायला आलेले पाहुणे आहेत, दौऱ्यावरचे मंत्री आहेत. तिकीट काढून उतरलेला प्रवासी त्यात नाही. म्हणजे ज्या जनरल एव्हिएशनची बातमी कुणी करत नाही, तेच या धावपट्ट्यांचं खरं गिऱ्हाईक आहे. पुढच्या वेळी कुणी ‘लवकरच विमानसेवा’ अशी घोषणा केली, तर पहिली पाच वर्षं इथे कोण उतरणार, त्यातल्या किती विमानांची पाटी पिवळी असेल आणि लँडिंगचे पैसे नेमके कुणाच्या खात्यात जमा होतील, एवढं पत्रकार परिषदेतच विचारून घ्यायला काय हरकत आहे?